बघायचं, कळवायचं आणि बुडायचं

१८ एप्रिल १९४२. जपानच्या किनाऱ्यापासून साधारण ६५० सागरी मैल पूर्वेला, खवळलेल्या प्रशांत महासागरात, नव्वद टनांची एक छोटी नौका पहाऱ्यावर होती. नाव '२३ क्रमांकाची नित्तो मारू'. जपानमध्ये 'मारू' हे नाव लढाऊ जहाजाला देत नाहीत. ते मालवाहू किंवा मासेमारी जहाजाचं असतं. ही नौकाही नौदलाने ताब्यात घेतलेली होती. तिचं काम एकच. क्षितिजावर शत्रू दिसला की बिनतारी यंत्रावरून टोकियोला कळवायचं.

त्या सकाळी शत्रू खरंच दिसला. साडेसहाच्या सुमारास नित्तो मारूने संदेश पाठवला, की शत्रूच्या तीन विमानवाहू नौका येत आहेत. प्रत्यक्षात दोन होत्या, 'हॉर्नेट' आणि 'एंटरप्राइझ'. हॉर्नेटच्या डेकवर सोळा बॉम्बफेकी विमानं उभी होती आणि त्यांचं मुख्य लक्ष्य टोकियो होतं. संदेश हवेत गेल्याचं अमेरिकेच्या ताफ्याला लगेच कळलं. 'नॅशव्हिल' या क्रूझरने नित्तो मारूवर तोफा वळवल्या. मोठ्या लाटांवर वरखाली होणारी एवढीशी नौका काही केल्या नेमात येईना. नॅशव्हिलने नऊशेहून जास्त तोफगोळे खर्च केल्याची नोंद आहे. शेवटी नौका बुडाली. तिच्यावरचं कोणीही घरी परतलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सांगताना या हल्ल्याचं नाव 'डूलिटल रेड' म्हणून येतं, लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल यांच्यावरून. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, हॉलिवूडचे सिनेमे आहेत. नित्तो मारूचा उल्लेख त्यात एखाद्या वाक्यात उरकतो. मला मात्र ही गोष्ट त्या वाक्यापासून पुढे बघावीशी वाटते. कारण मी राहतो तो कोतो हा टोकियोचा वॉर्ड, आणि या नौकांच्या गोष्टीचे दोन धागे इथे येऊन मिळतात. ते पुढे येतीलच.

आधी या नौका काय होत्या ते सांगतो. जपानी नौदलाने त्यांना 'टेहळणी नौका' असं नाव दिलं होतं. पण त्या मुळात बोनिटो आणि ट्यूना पकडणाऱ्या नौका होत्या. बोनिटो म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या जातीतला मासा. तो किनाऱ्यालगत मिळत नाही, त्यामागे खोल समुद्रात जावं लागतं. त्यामुळे या नौका आठवडेच्या आठवडे बाहेर राहू शकतील अशा बांधलेल्या असत. इंधन भरपूर, बिनतारी यंत्र सोबत आणि खलाशी वादळवाऱ्याला सरावलेले. जपानकडे त्या काळी रडारची वानवा होती आणि पूर्वेला हजारो मैल मोकळा समुद्र. तिथे मोठ्या युद्धनौका उभ्या करून ठेवणं परवडणारं नव्हतं. मग नौदलाने मच्छीमारांच्या नौका मागून घेतल्या. बऱ्याचदा नौकेबरोबर तिचे खलाशीही आले. वर नौदलाचे एक-दोन बिनतारीवाले, एखादी मशीनगन, थोड्या बंदुका. १९४२ च्या फेब्रुवारीत या नौकांचं एक स्वतंत्र दल उभं राहिलं. तीन तुकड्या आळीपाळीने जायच्या. एक पहाऱ्यावर, एक वाटेत, एक बंदरात.

आता या कामाचा हिशेब बघा. नौकेचा वेग आठ-दहा नॉट, समोर येणाऱ्या क्रूझरचा तीसच्या वर. पळून जाणं शक्य नाही. मशीनगनने क्रूझरशी लढणंही शक्य नाही. शत्रू दिसेपर्यंत नौका सुरक्षित, कारण शत्रूला ती माहीतच नाही. शत्रू दिसला आणि संदेश पाठवला, की त्या रेडिओ लहरींवरूनच शत्रूला तिचा पत्ता लागतो. म्हणजे नेमून दिलेलं काम नीट केलं, त्याच क्षणी मरण ठरलेलं. आणि काम केलं नाही, तर मग ती तिथे उभीच कशाला?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोठ्या यंत्रणेवर लक्ष ठेवणारे छोटे प्रोग्राम आम्हीही लावून ठेवतो. ठरावीक वेळाने ते 'मी ठीक आहे' एवढंच कळवतात. त्यांचं कळवणं बंद झालं, की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. गप्प होणं हीसुद्धा सूचनाच. प्रोग्रामच्या बाबतीत हे ठीक आहे, तो बंद पडला तर परत सुरू करता येतो. पण समुद्रातल्या चौकीवर ट्यूना पकडणारी माणसं बसवली, की 'त्यांचं उत्तर येत नाही' या वाक्याचा अर्थ फार वेगळा होतो.

बरं, नित्तो मारूच्या संदेशाचा उपयोग झाला का? अमेरिकी बाजूला झाला, म्हणजे नुकसान झालं. विमानं आणखी जवळ येऊन संध्याकाळी उडणार होती. संदेश गेल्यामुळे त्यांना ठरल्यापेक्षा सुमारे दहा तास आधी आणि दीडशेहून जास्त सागरी मैल लांबून उड्डाण करावं लागलं. टोकियो, योकोहामा, नागोया वगैरे शहरांवर बॉम्ब टाकून ती चीनकडे निघाली, पण इंधन पुरलं नाही. सोळापैकी एकही विमान ठरलेल्या धावपट्टीवर उतरलं नाही. पंधरा चीनमध्ये कोसळली किंवा समुद्राकाठी आपटली, एक रशियात व्लादिवोस्तोकजवळ उतरलं.

जपानी बाजूला मात्र संदेश पोचूनही फुकट गेला. विमानवाहू नौकेवरची विमानं लहान पल्ल्याची असतात, तेव्हा शत्रूला अजून बराच जवळ यावं लागेल आणि हल्ला उद्या सकाळी होईल, असा अंदाज अधिकाऱ्यांनी बांधला. डूलिटलनी लांब पल्ल्याची लष्करी विमानं जहाजावर चढवली असतील हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी साडेसहाला इशारा मिळालेल्या राजधानीवर दुपारी बाराच्या सुमारास बॉम्ब पडले, तेव्हा लोक रस्त्यावर होते. समुद्रातल्या माणसांनी जिवाची किंमत देऊन जे कळवलं, ते खुर्चीवरच्या माणसांनी आपल्या ठोकताळ्यात बसवून टाकलं. ही गोष्ट फक्त जपानची नाही आणि फक्त १९४२ ची नाही, हे वाचकांना सांगायला नकोच.

त्या दिवसानंतर टेहळणीची रेषा आणखी दाट करण्यात आली. शेकडो मच्छीमार नौका या कामाला लागल्या. पुढे त्यांच्यावर थोडी मोठी हत्यारंही बसवली. पण मूळ हिशेब बदलला नाही. पाणबुड्या त्यांना गाठायच्या, नंतर नंतर विमानंही गाठू लागली. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेने सात पाणबुड्यांचा एक गट खास ही रेषा साफ करायला पाठवला. त्याच्या प्रमुखाच्या टोपणनावावरून त्या गटाला 'बर्टचे झाडू' म्हणत. झाडून काढायची गोष्ट म्हणजे लाकडी मच्छीमार नौका आणि त्यांच्यावरची माणसं. युद्ध संपेपर्यंत या नौकांपैकी बहुतेक बुडाल्या. शिझुओका प्रांतातलं याइझू हे ट्यूनाचं मोठं बंदर. अशा गावांमध्ये एकेका गल्लीतून किती माणसं गेली असतील याची कल्पना आपल्या कोकणातल्या कोळीवाड्याचं चित्र डोळ्यासमोर आणलं तर येईल. एका नौकेवर भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे, शेजारी असतात. नौका बुडाली की आख्खी आळी बुडते.

आता कोतोचा पहिला धागा. हा वॉर्ड सुमिदा नदीच्या पूर्वेला, सखल, कालव्यांनी चिरलेला. युद्धाच्या वेळी इथे फुकागावा आणि जोतो असे दोन वॉर्ड होते. १९४७ मध्ये ते एकत्र करून कोतो झाला. लाकडाच्या वखारी, छोटे कारखाने, दाटीवाटीची लाकडी घरं आणि कामगारांची वस्ती. १० मार्च १९४५ च्या रात्री मारियाना बेटांवरून आलेल्या सुमारे २८० बी-२९ विमानांनी याच भागावर आग लावणारे बॉम्ब टाकले. साधारण एक लाख माणसं एका रात्रीत गेली असं मानलं जातं. लोकांनी आगीपासून वाचायला कालव्यांत उड्या टाकल्या आणि तिथेही मेले. इथे सांगण्याची गोष्ट अशी, की पहिला बॉम्ब पडला बारा वाजून आठ मिनिटांनी आणि हल्ल्याचा भोंगा वाजला सव्वाबाराला. सात मिनिटं उशिरा.

ज्या शहराला वेळेवर इशारा मिळावा म्हणून तीन वर्षं मच्छीमार समुद्रात मरत होते, त्या शहराला शेवटी इशारा आग लागल्यावर मिळाला. कितासुना भागात या हल्ल्याची माहिती देणारं एक केंद्र आहे. ते सरकारने नाही, लोकांनी वर्गणी काढून २००२ मध्ये उभं केलंय.

दुसरा धागा युद्धानंतरचा. मच्छीमार ताफ्याचा मोठा हिस्सा बुडालेला, देशात खायची मारामार. दोस्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात असलेल्या जपानला मासेमारीची हद्दसुद्धा आखून दिलेली होती. अशा वेळी बंदराबंदरांत लाकडी नौका भराभर बांधल्या गेल्या. १९४७ मध्ये वाकायामा प्रांतात अशीच एक बोनिटो नौका तयार झाली. पुढे तिच्यात बदल करून ती ट्यूनासाठी वापरायला घेतली आणि याइझू बंदरात आली. तिचं नाव दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५'. लांबी तीस मीटरच्या आसपास, वजन १४० टन. युद्धात बुडालेल्या नौकांची ही पाठची बहीण म्हणायची.

१ मार्च १९५४ च्या पहाटे ती बिकिनी बेटांपासून साधारण १६० किलोमीटर पूर्वेला होती, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राच्या बाहेर. खलाशांनी मैलोनमैल लांबीची गळांची दोरी पाण्यात सोडून झाली होती. एवढ्यात पश्चिमेला आभाळ उजळलं. काही मिनिटांनी आवाज आला. तो १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब होता, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. मग पांढरी राख पडायला लागली. प्रवाळाची भुकटी होती ती, किरणोत्सर्गाने भरलेली. दोरी तशीच टाकून पळणं म्हणजे कर्ज डोक्यावर घेणं, म्हणून तेवीस जणांनी कित्येक तास राखेत उभं राहून ती ओढून घेतली.

आणि मग त्यांनी बिनतारीवरून काहीही कळवलं नाही. दोन आठवडे समुद्र कापून १४ मार्चला ते याइझूला पोचले, तोवर स्फोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आपण जे बघू नये ते बघितलंय आणि हे कळवलं तर अमेरिकेचं जहाज येऊन आपल्याला पकडेल किंवा बुडवेल, अशी भीती होती, असं खलाशांनी नंतर सांगितलं. बाहेरच्या माणसाला ही भीती अतिरेकी वाटेल. पण ही माणसं कोणत्या बंदरातली होती ते लक्षात घ्या. 'दिसलं, कळवलं आणि बुडाली' ही गोष्ट ज्यांच्या गावात घराघरांत घडून गेली होती आणि युद्ध संपून नऊ वर्षंही झाली नव्हती, त्यांचा तो विचार होता. युद्धाने मच्छीमारांना जो धडा दिला, तो त्यांनी शांततेच्या काळात पाळला.

नौकेचे मुख्य बिनतारीवाले कुबोयामा आइकिची त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारले. वय चाळीस. १९५५ च्या जानेवारीत अमेरिकेने २० लाख डॉलर दिले, पण कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता. त्या हंगामात साडेआठशेहून जास्त जपानी नौकांच्या माशांमध्ये किरणोत्सर्ग सापडला होता. त्या खलाशांकडे मात्र कोणी फारसं वळून पाहिलं नाही. कोची प्रांतातल्या काही वृद्ध मच्छीमारांनी आणि कुटुंबीयांनी २०१६ मध्ये सरकारवर दावा लावला. २०१८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

दाइगो फुकुर्यू मारूचं पुढे काय झालं? ती साफ करून मत्स्य विद्यापीठाची प्रशिक्षण नौका झाली. १९६७ मध्ये मोडीत निघाली, इंजिन काढून विकलं आणि सांगाडा टोकियोच्या कचऱ्याच्या भरावावर, युमेनोशिमात, टाकून दिला. युमेनोशिमा म्हणजे 'स्वप्नांचं बेट'. नाव स्वप्नाचं आणि ढीग कचऱ्याचे. १९६८ मध्ये एका तरुण नोकरदाराने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की ही नौका अशी कुजू द्यायची का? त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि १९७६ मध्ये तिथेच तिच्यासाठी प्रदर्शन भवन उघडलं. हे युमेनोशिमा आमच्या कोतोमध्येच येतं. शिन-किबा स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. टोकियोला येणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या यादीत हे ठिकाण सहसा नसतं. असायला हवं. आत गेल्यावर आख्खी लाकडी नौका समोर उभी राहते. तिच्या फळ्या, सुकाणू, निमुळती नाळ बघताना युद्धातल्या टेहळणी नौका किती लहान आणि किती उघड्या असतील, हे कळतं. कोणतंही पुस्तक ते सांगू शकत नाही.

हे सगळं आता आपल्या किनाऱ्यावर आणून बघा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या शेखाडीला उतरली. त्यानंतर किनाऱ्यावर गस्त घालायला 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं आणि त्यात भाड्याने घेतलेले मच्छीमार ट्रॉलरही गस्तीला वापरले गेले. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी आले तेही पोरबंदरच्या 'कुबेर' या मच्छीमार ट्रॉलरवरून. त्याचा तांडेल आणि चार खलाशी जिवानिशी गेले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत ते दहा जण रबरी होडीतून उतरले, तेव्हा त्यांना पाहणारे, 'कोण रे तुम्ही?' म्हणून हटकणारे कोळीच होते. डोळे तेव्हाही जागेवर होते.

त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, सागरी पोलीस ठाणी वाढली, गावोगावी सागर सुरक्षा दलं झाली, 'सागर कवच' नावाच्या कवायती होतात. 'मच्छीमार हे नौदलाचे डोळे आणि कान' हे वाक्य प्रत्येक अधिकाऱ्याच्या भाषणात असतं. वाक्य खरं आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. युद्धकाळातल्या जपानसारखी सक्तीही आपल्याकडे नाही. पण डोळ्यांना काही देणं लागतं, ही बाजू त्या वाक्यात येत नाही.

तीन गोष्टी तरी लागतातच. पहिली, कळवलेलं ऐकणारा माणस पलीकडे हवा, आणि आपल्या अंदाजाविरुद्ध आलेली बातमीही गंभीरपणे घेणारा हवा. नित्तो मारूचा संदेश पोचला होता, कमी पडला तो ऐकणारा. दुसरी, कळवणाऱ्यापर्यंत मदत किती वेळात पोचेल हे आधी ठरलेलं हवं. चाळीस-पन्नास सागरी मैल बाहेर असलेल्या तांडेलाने संशयास्पद बोट कळवली, तर पुढचे तीन-चार तास तो त्या बोटीच्या शेजारी एकटाच असतो. तिसरी गोष्ट घरच्यांची. समुद्रात गेलेल्या माणसाचा देह बऱ्याचदा मिळत नाही. आपल्या कायद्यात बेपत्ता माणूस मृत मानायला साधारणपणे सात वर्षं थांबावं लागतं. दाखला नाही तोवर विमा नाही, भरपाई नाही, बँकेतले पैसेही अडकलेले. पहाऱ्याच्या कामात गेलेल्या मच्छीमाराच्या बायकोला ही सात वर्षं मोजायला लागू नयेत, एवढी सोय तरी लेखी हवी.

यातली एकही गोष्ट फार खर्चाची नाही. नवी गस्ती नौका घ्यायला कोट्यवधी रुपये लागतात, तिचं उद्घाटन होतं, फोटो येतात. तांडेलाच्या फोनला उत्तर देणारा जागा माणूस आणि त्याच्या घरी वेळेवर पोचणारा दाखला यांचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडतं. पुढच्या वेळी गावात सागर सुरक्षा दलाची बैठक असेल, तेव्हा 'काही दिसलं तर कळवा' असं सांगणाऱ्या साहेबांना कोणीतरी उभं राहून विचारायला हवं, 'कळवू, साहेब. पण कळवल्यावर आमचं काय?'